बाची साक्ष

आमचा बा देवाबद्दल चारचौघांत बोलायला जन्मात एकदाच उभा राहिला, आणि तेव्हाही बोलला नाही. त्याच्या न बोलण्यानं भर बाजारात जो घोटाळा झाला त्यात माझं लग्न मोडायचं ते जुळलं, म्हणून लिहून ठेवतो. मी चौथी शिकलेला माणूस. बायको, रूथ, होती तोवर ही गोष्ट तीच सांगायची. पाव्हणं आलं, चहा झाला, की पदर खोचून सुरू. मी नुसता मधी मधी "तसं नव्हतं, असं होतं" म्हणायचो आणि बोलणी खायचो. पोळा झाला आणि ती गेली. आता कुणी चुकीचं सांगत नाही, त्यामुळं दुरुस्त करायलाही काही उरलं नाही. घर लई गप झालंय.

आमचं घर म्हणजे खरं तर गोठाच, त्याला माणसांसाठी एक खोली जोडलेली. मधली भिंत कुडाची. पलीकडं गाय उठून बसली तरी अलीकडं माझी झोप चाळवायची. पहाटे आधी बाचा खोकला, मग आंबोणात पाणी ओतल्याचा आवाज, मग रिकाम्या बादलीत पहिली धार पडायची ती चर्र चर्र, आणि बादली भरत गेली की तोच आवाज जाड होत जायचा, घुम्म घुम्म. त्या आवाजाच्या खाली अजून एक आवाज असायचा. बा गायीच्या बरगडीला कपाळ टेकवून काहीतरी गुणगुणायचा. ओठ हलायचे, शब्द कळायचे नाहीत. चाल एकच, फार वर जायची नाही की खाली यायची नाही, मोटेच्या चाकासारखी आपली फिरत राहायची. गाय डोळे अर्धे मिटून रवंथ करायची आणि पान्हा सोडायची. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचेच बाप असं करतात. मग कळलं की गावात कुणाची गाय लाथा मारायला लागली, कुणाची पहिलारू कालवड कासेला हात लावू देईना, की आमच्याच बाला बोलावणं येतं. बा जायचा, कपाळ टेकवायचा, गुणगुणायचा, गाय निवायची. लोक म्हणायचे शांतूबाला गायीचा मंतर येतो. बा म्हणायचा, "मंतर कसला, माज्या दाढीनं तिची खाज जात आसंल."

आम्ही ख्रिस्ती. नेवासा तालुक्यातलं आमचं गाव, त्यात आमची घरं चार. पणजा कधीतरी मिशनच्या साहेबामागं गेला. गावानं तेव्हा तोंड फिरवलं, आणि पुढं मान दुखायला लागल्यावर परत सरळ केलं. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, दोन कोसांवर. दर रविवारी बा धुतलेली टोपी घालून जायचा आणि सगळ्यात मागं बसायचा. पाळकसाहेबांनी "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" असं विचारलं, म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते उभं राहून सांगायचं, की बा खाली वाकून वहाणेचा अंगठा तपासायला लागायचा. शेवटचं गाणं सुरू होईपर्यंत त्याची वहाण काही नीट व्हायची नाही.

बांधाला बांध लागून किसनतात्याचं शेत आणि घराला घर लागून त्याचं घर. माळकरी नव्हता, देवधर्म बेताचा, तोंड मात्र अखंड चालू. आमची गाय व्याली की खरवसाचं पहिलं पातेलं त्याच्याकडं, नाताळाच्या करंज्यांचं पहिलं ताट त्याच्याकडं, आणि होळीला त्याच्या घरची पुरणाची पोळी आमच्याकडं, वर कटाची आमटी. ती आमटी आईला तशी कधीच जमली नाही आणि त्याचा तिला राग होता. तात्या कुंपणावरून बाला डिवचायचा.

"शांतू, तुजा देव मुका हाय का रं? कदी त्याचं नाव ऐकू येत न्हाई तुज्या तोंडातनं."

"मुका आसंल तात्या. कानानं चांगला हाय."

एवढंच. बाचं धर्मावरचं सगळ्यात लांब भाषण हेच.

आता पौलस मास्तर. शेजारच्या गावी शाळेत मास्तर आणि सुट्टीच्या दिवशी उपदेशक. सायकलच्या मागच्या कॅरेजला बॅटरी बांधलेली, हँडलला भोंगा. जत्रा असो, बाजार असो, मास्तर भोंगा टांगून सुरू. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगतो. भर पावसात सायकल ढकलत महारोग्यांच्या वस्तीवर औषधं पोचवणारा दुसरा कुणी मी त्या काळात बघितला नाही. पण त्याला सुख मिळालं होतं आणि ते एकट्यानं खाणं त्याला पाप वाटायचं. समोरच्यानं नको म्हटलं तरी ताटात वाढायचाच. त्याची पोरगी रूथ. देवळात ती भजनाला टाळ वाजवायची, आणि असे वाजवायची की पेंगलेली म्हातारी माणसं दचकून "आमेन" म्हणायची. मी त्या काळात रविवार कधी चुकवला नाही. आईला वाटलं पोरगा भक्तीला लागला.

बोलणी झाली, आणि घर बघायला म्हणून मास्तर आमच्याकडं आला. आईनं हुलग्याचं शेंगुळं केलं होतं, लसणाचा ठेचा घालून. मास्तरनं दोनदा मागून घेतलं. मला वाटलं जुळलं. मग हात धुता धुता त्यानं बाला विचारलं, "शांतवनराव, आजवर गावातली किती माणसं आणलीत?"

"कुटं?"

"प्रभूकडे हो!"

"मी डेरीला दूध नेतो मास्तर. मानसं कशी नेऊ? त्यास्नी पाय हायेत."

आईनं चुलीपाशी कपाळाला हात लावला. मास्तर मात्र चिडला नाही. तो पाट पुढं ओढून बसला, वर्गात बसतात तसा.

"मला सांगा, शेजाऱ्याचं घर पेटलं तर हाक माराल की नाही?"

"मारीन की. बादली घेऊन पळीन."

"मग?"

बानं दारातून किसनतात्याच्या घराकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. छपरातनं धूर निघत होता. "पर पेटलंय कुटं, मास्तर? सैपाकाचा धूर हाय त्यो."

मी हसू दाबायला पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि ठसका लागला. मास्तर उठला. म्हणाला, मुलगा कष्टाळू आहे, घर स्वच्छ आहे, शेंगुळे उत्तम होते. पण ज्या घरात देवाचं नाव ओठांवर घ्यायची लाज वाटते त्या घरात मी मुलगी देणार नाही. येत्या बाजाराला घोडेगावला माझी सभा आहे. तुम्ही भोंग्यापुढं उभं राहून साक्ष द्या. चार शब्द पुरे. दिलीत, तर तिथंच साखर वाटू.

मास्तर गेला. बा गोठ्यात गेला. मी दोन घास न खाता अंगणात बसून राहिलो, म्हणजे आईला दिसेल असा बसलो. आई गोठ्याच्या दाराशी जाऊन बोलली, "पोराच्या जल्माचा परश्न हाय. तुमचं चार शब्दानं काय झिजतंय?" आत धार चालू. धार संपल्यावर बा बादली घेऊन बाहेर आला आणि मला म्हणाला, "पोरगी बरी हाय का, शमू?"

"हाय."

"लई बरी?"

"लई."

"मंग बोलतो."

पुढचे दिवस बानं सराव केला. कुणापुढं करणार? गायीपुढं. एका पहाटे मी ऐकलं, गुणगुणणं बंद, आणि बा मोठ्यानं म्हणतोय, "बंदु आनि भगिनींनो!" पाठोपाठ बादली कलंडल्याचा आवाज. चांदी आमची गरीब गाय, तिनं आयुष्यात लाथ मारली ती तेवढी एकदा. तात्यानं कुंपणावरून विचारलं, "काय झालं रं शांतू?" बा म्हणाला, "काय न्हाई. भाषन पडलं."

घोडेगावचा बाजार म्हणजे जनावरांचा समुद्र. अजून भरतो. आता टेम्पो येतात, तेव्हा पायी हाकत आणायचे. धूळ, घंटा, हंबरणं, भज्यांचा वास, आणि उपरण्याखाली बोटं धरून सौदा करणारे दलाल. त्याच बाजाराला किसनतात्या त्याची तांबू विकायला घेऊन आला होता. तांबू म्हणजे आमच्या चांदीचीच कालवड. बानं तिला हातानं वाढवली, मग कडब्याच्या बदल्यात तात्याला दिली. बाजारात दुभती गाय न्यायची तर एक रीत असते: आदल्या दिवसापासून धार काढत नाहीत. वासराच्या तोंडाला मुसकं बांधतात. कास तुंबून टम्म फुगते, गाय दुधाळ दिसते. घेणाऱ्यालाही ही रीत ठाऊक असते, तरी तो कासच बघतो. तात्यानं तांबूला लिंबाच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर उभी केली होती. आणि मास्तरनं भोंगा टांगला त्याच लिंबाला.

आधी भजन झालं. रूथनं टाळ वाजवले. मी बघतोय हे तिला कळत होतं, कारण ती माझ्याकडं सोडून सगळीकडं बघत होती. मग मास्तर बोलला. चांगला बोलला. दहा-बारा माणसं थांबली, त्यातली निम्मी सावलीसाठी. मग मास्तर म्हणाला, "आता आपले शांतवनराव आपला अनुभव सांगतील," आणि बाला पुढं केलं.

बानं माईक धरला तो चरवी धरतात तसा, दोन्ही हातांनी. खोकला. तो खोकला भोंग्यातून सगळ्या बाजारावर गेला आणि बा स्वतःच दचकला. माणसं थांबली. बा ओठ हलवतोय, आवाज नाही. कपाळावर घाम. मी मनात म्हणतोय, चार शब्द, बा, चारच. बानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि टेकायला काहीच सापडेना म्हणून लिंबाच्या खोडाला कपाळ टेकवलं. डोळे मिटले. आणि सवयीनं गुणगुणायला लागला.

भोंग्यातून ते असं निघालं की वाटलं सगळा बाजार एखाद्या भल्या मोठ्या गायीच्या पोटात बसलाय. पहिल्यांदा तांबूनं कान टवकारले. मग मान वळवली. मग शेपटी एका बाजूला टाकली आणि चारी सडांतून दुधाच्या धारा लागल्या. थेंब नव्हेत, धारा! धुळीत पांढरे ओघळ. आमच्याच गावची आणखी एक गाय पलीकडं होती, तिनंही सोडलं. शेजारच्या म्हशीवर काही परिणाम झाला नाही. म्हैस कुणाचंच ऐकत नाही.

तात्याची बोटं त्या वेळी उपरण्याखाली दलालाच्या बोटांत होती. श्रीगोंद्याकडचं गिऱ्हाईक होतं, ते ओरडलं, "अरं, ही गळकी हाय! सडं ढिली हायेत हिची!" आणि सौदा सोडून चालायला लागलं.

"गळकं आसंल तुजं छप्पर!" तात्या त्याच्यामागं ओरडला. मग त्याला आवाज कुठून येतोय ते कळलं. तो ताडताड लिंबाखाली आला. मला वाटलं आता बाला धरतो. पण त्यानं बाच्या हातातला माईक घेतला, आणि सगळ्या बाजारानं ऐकलं: "ओ मास्तर! मानूस तर येक बी न्हाई बाटला, पर माजी गाय बाटली की वो!"

बाजार फुटला. दलाल हसले, भजीवाला हसला, ढोलकीसारखं पोट हलवत ते श्रीगोंद्याचं गिऱ्हाईकसुद्धा हसलं. आणि रूथच्या हातातले टाळ खणकन खाली पडले. ती पदर तोंडात कोंबून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि त्या पाण्यातून तिनं पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं. पुढं आमची किती भांडणं झाली, पण त्या हसण्यावर मी आयुष्यभर उधारीनं जगलो.

मास्तरनं बॅटरीची तार उपटली. "शांतवनराव, हसं केलंत. माझं नाही, त्याचं," असं म्हणून वर बोट दाखवलं.  बा आधी तांबूकडं गेला, कारण पान्हा सुटल्यावर धार काढली नाही तर कास बिघडते. चहावाल्याची किटली मागितली, ती भरली, मग पातेलं मागितलं. कपाळ टेकवून, गुणगुणत. लोक भोवती जमत गेले. मघाशी भोंग्यापुढं दहा-बारा होते, आता चांगला घोळका झाला आणि सगळे गप. कुणीतरी हळूच विचारलं, "काय म्हनता वो, बाबा?" बा म्हणाला, "आमचं दोगांचं हाय काय बाय." त्या दुधाचा चहा तात्यानं सगळ्यांना पाजला. विकली तर नाहीच गाय, निदान तिचं नाव तरी होऊ दे, म्हणाला. मास्तरनं मात्र चहा घेतला नाही. भोंगा आणि बॅटरी रूथच्या मांडीवर देऊन, तिला सायकलवर मागं बसवून तो निघून गेला.

घरी येताना बा एवढंच म्हणाला, "माज्यानं झालं न्हाई रं, शमू."

"एक शब्द तरी काढायचा!" मी म्हणालो.

"काढाय गेलो. तर सगळं गावच तोंडात यायला लागलं."

मला त्याचा अर्थ कळला नाही. मला फक्त सायकलवरून लांब लांब जाणारा भोंगा दिसत होता.

पुढच्या आठवड्यात, तांबडं फुटायच्या सुमाराला, अंगणात सायकल टेकल्याचा आवाज आला. मी गोठ्याच्या भिंतीशी कडबा तोडत होतो. मास्तर एकटा होता, भोंगा नव्हता. नंतर रूथनं सांगितलं की तिनं जेवण सोडून बापाला ऐकवलं होतं, "दादा, तुमच्या बोलण्यानं आजवर कुणाची शेपटी तरी हलली का?" पोरगी बापाला असं बोलली! आणि बापानं ते मनाला लावून घेतलं, हे त्याचं मोठेपण.

मास्तर गोठ्यात शिरला. बा धारेला बसलेला. "थांबू नका," मास्तर म्हणाला आणि पालथ्या पाटीवर, गायीच्या अगदी जवळ बसला. बा लाजला असणार. थोडा वेळ नुसती धार, मग सवयीनं गुणगुणणं आलं. कुडाला कान लावून मी उभा. मग मास्तरचा आवाज, एकदम हलका:

"ही नावं आहेत."

धार चालू.

"तुम्ही नावं घेताय शांतवनराव. आत्ता किसनतात्याच्या सुनेचं घेतलंत."

"घेतलं."

"ती तर आपल्यातली नाही."

"तिला ल्योक न्हाई, लेक न्हाई. रडून रडून डोळं गेल्यात पोरीचं. मला येवडंच ठाव हाय."

"रोज? सगळ्या गावाची?"

"जेवडी धार हुईल तेवडी. चांदी आटली की मागची ऱ्हात्यात. मंग सांजच्याला घेतो."

मास्तरनं पाटी पुढं ओढली. मग म्हणाला, "अहो, मग हेच भोंग्यावर सांगायचं होतं! लोकांनी पाय धरले असते."

"तिचं दुख बाजारात सांगू, मास्तर?" बाचा आवाज तेवढ्यापुरता वर गेला. "तात्याच्या थोरल्याची दारू सांगू? तात्या शेजारी हाय माजा."

मास्तर बाहेर आला तेव्हा त्याच्या धोतराला शेण लागलं होतं आणि त्याला ते कळलं नव्हतं. आईला म्हणाला, "वहिनी, चहा टाका. साखर जरा जास्त घाला." आई शहाणी, ती समजली. मला बघून म्हणाला, "कडबा तोडतोयस की कान तोडून घेतोयस?" मी मान खाली घातली.

मास्तरनं भोंगा सोडला नाही. मरेपर्यंत जत्रा केल्या, आणि काहींना त्यानं खरंच दारूतून, जुगारातून ओढून काढलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण दुसऱ्या कुणाला त्यानं परत माईकपुढं ढकललं नाही, आणि त्या पहाटे काय ऐकलं ते, एरवी सगळ्या जगाला सांगत सुटणारा तो माणूस, कुणालाही बोलला नाही. आमच्या लग्नात तात्या तांबूला झूल घालून घेऊन आला आणि मांडवाच्या दाराशी उभी केली. म्हणाला, वऱ्हाडी आहे, मास्तरनं हिच्या हातून साखर घ्यावी. मास्तरनं घेतली. तात्याच्या सुनेला पुढं मूल झालं का, असं लोक विचारतात, रूथ ही गोष्ट सांगायची तेव्हाही विचारायचे. ते मी सांगणार नाही. तिचं ते तिचं आहे. हे लिहितोय म्हणजे मी एक प्रकारचा भोंगाच लावलाय, आणि बा असता तर वहाण तपासत उठून गेला असता. पण निदान गावातल्या माणसांची खरी नावं तरी मी त्याच्यासारखी झाकून ठेवलीत.

रूथ नवी नवरी असताना बाजवळ धारेला बसायला शिकली आणि बाच्या मागं ते गुणगुणणं तिच्याकडं आलं. मास्तरची पोरगी, टाळ बडवणारी, पण गायीपाशी आवाज खाली. तिच्या नावांत माझं होतं का, ते मी कधी विचारलं नाही. मी स्वतः कधी बसलो नाही. मी शेतावरचा, डेअरीवरचा. पोरानं आता मशीन आणलंय, गोठ्यात नळ्या, मोटारीचा आवाज. चांदीच्या वंशातली एक म्हातारी गाय आहे, ती तेवढी मशीनला जुमानत नाही. रूथच काढायची तिची धार. रूथ गेली आणि गायीनं पान्हा अडवून दूध चोरायला सुरुवात केली. पोरगा म्हणाला, "दादा, विकू या."

परवा पहाटे मी तिच्यापाशी बसलो. गुडघे दुखतात, पाटी पालथी घालून बसलो. कपाळ टेकवलं. चाल मला येत नाही, आवाज माझा फाटका, तरी सुरू केलं आणि नाव आठवायला लागलो. कुणाचं घ्यावं? शेजारी आहेत, सुना आहेत, आजारी माणसं आहेत. पण तोंडात एकच नाव आलं, आणि परत परत तेच येत राहिलं. आमच्यात गेलेल्या माणसासाठी देवाकडं मागत नाहीत, तशी रीत नाही. पाळकसाहेबांनी ऐकलं असतं तर नाराज झाले असते. पण गायीला ती रीत कुठं माहीत? तिनं शेपटी बाजूला टाकली आणि बादलीत चर्र झालं.